आसरा आणि आहार : मावळच्या डोंगरांतील एक जुना हिशेब

पुण्याहून निघालेली लोणावळा लोकल तळेगाव ओलांडून वडगाव, कान्हे, कामशेत अशी पश्चिमेकडे सरकू लागली की दोन्ही अंगांना मावळ उलगडू लागतो. आषाढात येथे भाताची खाचरे पाण्याने तुडुंब भरलेली असतात. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार झालेला ‘इंद्रायणी’ तांदूळ आज महाराष्ट्रभरच्या वाण्यांच्या दुकानांत मिळतो. त्याचे माहेर हेच. मळवली जवळ आली की डावीकडे लोहगड आणि विसापूर ढगांत डोके खुपसून उभे दिसतात, उजवीकडच्या डोंगरात कार्ल्याची लेणी आहेत. लोणावळ्याचे नावही लेण्यांची ओळ या अर्थाच्या ‘लेणावली’ या शब्दावरून आले असे सांगितले जाते.

या प्रदेशाचे महत्त्व त्याच्या वाटांमुळे आहे. कल्याण, सोपारा, चौल या बंदरांत उतरलेला माल घाट चढून मावळात येई आणि पुढे जुन्नर, तेर, पैठणकडे जाई. त्याच वाटेने व्यापारी जात, कारागीर जात आणि सर्व पंथांचे साधूही जात. पावसाळा सुरू झाला की सर्वांची चाल मंदावे. साधूंना तर चार महिने एका जागी थांबणे हा नियमच होता. थांबायचे म्हणजे डोक्यावर छप्पर हवे, पिण्यास पाणी हवे आणि रोजचा आहार हवा. हे सारे परक्या मुलखात कोणी द्यायचे आणि घेणाऱ्याने त्याच्या बदल्यात काय द्यायचे, या प्रश्नाची मावळने दिलेली उत्तरे दोन हजार वर्षांपासून दगडात कोरलेली आहेत.

हाच प्रश्न आज अनेक व्यापारी घरांत नव्या रूपाने उभा राहतो. मुलगा किंवा मुलगी शिक्षण संपवून सांगते, ‘सहा महिने परदेशात जाते. एका शेतावर किंवा वसतिगृहात दिवसाचे चार-पाच तास काम करायचे, राहणे आणि जेवण त्यांच्याकडे. पैसे द्यायचे नाहीत, घ्यायचेही नाहीत.’ आजोबांना ते कुणाच्या दारी राबायला जाणे वाटते. आईला जेवणाची काळजी लागते. वडील खर्चाचा अंदाज घेतात आणि सौदा वाईट नाही असे मनात म्हणतात. हे दान आहे, सेवा आहे, की मजुरी? तिघांच्या मनात तीन वेगवेगळी उत्तरे असतात. म्हणून बोलणे पुढे सरकत नाही.

पाल्याचे लेणे

मावळ तालुक्यात पाले नावाचे गाव आहे. तेथील डोंगरात एक लहानसे, साधे लेणे आहे. त्यात शिल्पांचे वैभव नाही. आहे तो ब्राह्मी लिपीतील एक छोटा लेख. अरिहंतांना नमस्कार करून तो सुरू होतो आणि भदंत इंदरखित याने हे लेणे व सोबत पाण्याची पोढी करविली एवढेच सांगून थांबतो. डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शोभना गोखले यांनी या लेखाचा अभ्यास केला. लिपीच्या वळणावरून तो इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकातील मानला जातो आणि महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या जैन लेखांत त्याची गणना होते.

२०१९ मध्ये लोहगडाच्या परिसरातील एका गुहेत तशाच वळणाचा आणखी एक लेख उजेडात आला. त्याचाही आरंभ अरिहंतांच्या नमस्काराने होतो आणि त्यातही इंदरखिताचे नाव वाचले गेले आहे. लोहगड त्यानंतर २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. गडाच्या तटबुरुजांकडे जाणाऱ्या फार थोड्या प्रवाशांना ठाऊक असते की, तट बांधले जाण्यापूर्वी कित्येक शतके याच डोंगराने अरिहंतांचे नाव ऐकले होते.

दोन्ही लेखांत लक्षात येण्याजोगी गोष्ट एकच. इंदरखिताने मूर्ती दिल्याचा उल्लेख त्यांत नाही. त्याने वाटसरू साधूला थांबता यावे अशी सोय केली. छप्पर दिले, पाणी दिले. त्याबदल्यात कोणी काय करावे याचा एक शब्दही लेखात नाही.

घेणाऱ्याची शिस्त

देणाऱ्याने अट घातली नाही म्हणून घेणारा मोकळा झाला असे जैन आचारशास्त्र मानत नाही. साधूला वसती देणाऱ्या गृहस्थाला श्वेतांबर परंपरेत ‘शय्यातर’ म्हणतात. साधूने ज्या घरी मुक्काम केला त्या शय्यातराच्या घरचा आहार मात्र त्याने घ्यायचा नाही, असा दंडक आहे. आसरा एका घरचा, आहार दुसऱ्या घरांचा, आणि तोही अनेक घरांतून थोडा थोडा. एकाच कुटुंबावर सारा भार पडू नये, आणि साधूही एकाच घराच्या उपकाराने बांधला जाऊ नये, अशी ही दुहेरी काळजी आहे.

याहून सूक्ष्म विचार आहाराच्या ‘उत्पादन’ दोषांत आहे. श्वेतांबर आणि दिगंबर या दोन्ही परंपरांच्या आचारग्रंथांत असे सोळा दोष सांगितले आहेत. मूल सांभाळून आहार मिळविणे हा धात्रीदोष. निरोप पोहोचवून मिळविणे हा दूतीदोष. भविष्य सांगून मिळविणे हा निमित्तदोष, औषधोपचार करून मिळविणे हा चिकित्सादोष. आजच्या भाषेत सांगायचे तर मुले सांभाळणे, निरोप्याचे काम, सल्ला आणि वैद्यकी यांच्या बदल्यात राहणे-जेवण घेणे साधूसाठी पूर्णतः निषिद्ध आहे. त्याच्या हातून घडलेला उपकार आणि त्याच्या पात्रात पडलेला आहार यांची गाठ कधीही बांधली जाता कामा नये.

गृहस्थाला हा नियम लागू नाही. त्याने कष्ट करावे, रास्त मोबदला घ्यावा, आणि त्यातून दानही द्यावे. मात्र या नियमामागची दृष्टी त्याच्याही उपयोगाची आहे. जैन पेढ्यांवर धर्मादायाचे खाते आणि दुकानाचे खाते कधी एकत्र होत नाही. देवद्रव्य तर अन्य कोणत्याही कामाला लावत नाहीत. दोन्ही खाती पवित्र असू शकतात, पण त्यांची सरमिसळ झाली की दोन्ही बिघडतात. परदेशी सेवेला निघालेल्या तरुणाने हीच शिस्त बरोबर न्यावयाची आहे.

सेठींची आणि सुतारांची नावे

मळवलीला उतरून उत्तरेकडे गेले की कार्ल्याचा चैत्य लागतो. तो बौद्ध आहे, परंतु व्यापारी कुटुंबांनी तो आवर्जून वाचावा असा आहे. वैजयंती नगरीचा सेठी भूतपाल याने हे शैलगृह पूर्णत्वास नेले आणि जंबुद्वीपात ते सर्वोत्तम आहे असा अभिमानाचा लेखही कोरविला. धेनुकाकट नावाच्या व्यापारी गावाचे दाते येथे अनेक आहेत. त्यांत परदेशी वंशाचे ‘यवन’ आहेत, सिंहदत्त नावाचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे. दरवाजा घडविणारा वेणुवासपुत्र सामी हा सुतारही आहे. ज्याने धन दिले त्याचे नाव दगडावर आले, आणि ज्याने हात चालविले त्याचेही आले.

बेडशाच्या लेण्यात नाशिकच्या आनंद सेठीच्या पुत्राचे दान नोंदलेले आहे. भाज्याला विण्हुदत नावाच्या महारठीने पाण्याची पोढी दिली आहे. नाशिक किंवा वैजयंतीचा सेठी मावळात येऊन परक्या माणसांसाठी घर उभारतो, कारण तो स्वतःही कुठेतरी परका प्रवासी असतो. आपल्या व्यापाराची वाट जेथून जाते तेथे कोणाला तरी आसरा मिळाला पाहिजे, एवढी जाण त्याला असते.

कार्ल्याच्या एका लेखात तर नहपान राजाचा जावई उषवदात याने करजिक नावाचे गाव दिल्याची नोंद आहे. वालुरक लेण्यांत पावसाळ्याचा मुक्काम करणाऱ्या, चारी दिशांनी आलेल्या प्रव्रजितांच्या निर्वाहासाठी हे दान होते. ते करजिक म्हणजे आजचे करंजगाव असे मानले जाते. मावळचे जुने नाव ‘मामाल’ किंवा ‘मामाड’ या रूपात याच लेण्यांतील लेखांत भेटते. म्हणजे हा प्रदेश इतिहासात आपल्या नावाने पुढे येतो तोच मुळी पाहुण्यांच्या अन्न-निवाऱ्याच्या संदर्भात.

सावड आणि इर्जिक

डोंगरावरून खाली खाचरांत उतरले की देवाणघेवाणीची दुसरी तऱ्हा दिसते. भाताची लावणी पावसाच्या तोंडावर थोड्या दिवसांत उरकावी लागते. एका घराची माणसे पुरत नाहीत. मग सावड होते. आज चार घरांनी मिळून एकाचे खाचर लावायचे, उद्या दुसऱ्याचे. पैसा फिरत नाही, मात्र ज्याने ज्याच्या शेतात जितके दिवस घातले तितके दिवस त्याला परत मिळतात. हिशेब वहीत नसतो, तरी तो कोणी विसरत नाही.

इर्जिक याहून वेगळे. एखाद्याचे काम अडले असेल तर गाव त्याच्या शेतात उतरतो आणि त्या दिवशी सर्वांना जेवू घालणे ही त्या घरची जबाबदारी असते. ते जेवण कामाची किंमत म्हणून कोणी मोजत नाही. आलेल्याचा तो मान असतो. इर्जिकीला आलेल्या माणसाला शिळे वाढले तर त्या घराची गावभर नाचक्की होते.

लेण्यातील दान, शेतातील सावड आणि बाजारातील मजुरी अशी ही तीन खाती झाली. दानात परतफेड नाही. सावडीत परतफेड आहे, पण ती श्रमाची आणि बरोबरीची. मजुरीत ठरलेला दाम आहे. परदेशातील ज्या व्यवस्थेसाठी आजचे तरुण उत्सुक असतात, ती मुळात सावड आहे. ती सावड राहिली तर सुंदर आहे. दानाचे नाव घेऊन मजुरीचे काम करवून घेऊ लागली, की ती फसवणूक होते.

जगभरची सावड

या नव्या सावडीलाही शंभर वर्षांचा इतिहास आहे. पहिल्या महायुद्धानंतर १९२० मध्ये पिएर सेरेसोल या स्विस शांतिवाद्याने फ्रान्समधील व्हर्दूनजवळच्या एका उद्ध्वस्त खेड्यात निरनिराळ्या देशांचे स्वयंसेवक गोळा केले. काल एकमेकांचे शत्रू असलेल्या राष्ट्रांची मुले तेथे एकत्र दगड-माती वाहू लागली. त्यातून ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ ही चळवळ उभी राहिली. जेवण आणि निवारा मिळे, वेतन नसे. जानेवारी १९३४ च्या भूकंपाने बिहार हादरले तेव्हा सेरेसोल स्वतः भारतात आले आणि काही सहकाऱ्यांसह पुनर्वसनाच्या कामाला लागले. परदेशी माणूस अन्न-निवाऱ्यावर भारतीय खेड्यात राबला, तो असा.

१९७१ मध्ये लंडनमधील स्यू कॉपर्ड या तरुणीने सेंद्रिय शेतांवर शनिवार-रविवार काम करण्याची योजना सुरू केली. शहरातील माणसाला माती मिळावी आणि शेतकऱ्याला हात मिळावेत, हा हेतू. ती ‘वूफ’ या नावाने जगभर पसरली. पुढे २००२ मध्ये ‘वर्कअवे’ आले आणि शेतांबरोबर वसतिगृहे, घरे, शाळा यांचीही भर पडली. साधारण रिवाज असा की, आठवड्याचे पाच दिवस, रोज चार-पाच तास काम आणि उरलेला वेळ आपला.

लोणावळ्यालाही परदेशी अभ्यागत नवे नाहीत. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये येथे कैवल्यधाम स्थापन केले आणि योगाची प्रयोगशाळेत परीक्षा सुरू केली. अमेरिकेच्या येल विद्यापीठाचे के. टी. बेहनन येथे येऊन राहिले, शिकले आणि त्यांनी १९३७ मध्ये योगावर शास्त्रीय ग्रंथ प्रसिद्ध केला. परक्या ठिकाणी राहून काही घेऊन जायचे असेल तर आधी शिष्य व्हावे लागते, हे त्या उदाहरणातून दिसते. सेवेला जाणाऱ्यानेही हे लक्षात ठेवावे.

निघण्यापूर्वी

पहिली पाहणी कायद्याची. ‘पैसे घेत नाही म्हणजे ते काम नव्हे’ ही समजूत अनेक देशांत चालत नाही. न्यूझीलंडमध्ये राहणे-जेवणाच्या बदल्यात केलेले काम हेही मोबदल्याचे काम धरले जाते आणि त्यासाठी कामाची परवानगी असलेला व्हिसा लागतो. ब्रिटनमध्ये पर्यटक म्हणून गेलेल्याला स्वयंसेवा करता येते ती नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी आणि तीस दिवसांपर्यंतच. विमानतळावर अधिकाऱ्याने विचारले असता ‘फिरायला आलो’ असे सांगून शेतावर राबायला जाणे म्हणजे प्रवासाचा आरंभच असत्याने करणे होय. सत्याणुव्रताची गोष्ट बाजूला ठेवली तरी पकडले गेल्यास परत पाठवणी होते आणि पुढील व्हिसा अवघड होतो. ज्या कुटुंबाचा व्यापार परदेशाशी आहे त्याला हे परवडणारे नाही.

दुसरी पाहणी कामाची. कोणाच्या जागी आपण उभे राहणार आहोत, हे विचारावे. म्हाताऱ्या शेतकरी दाम्पत्याला सुगीत हात देणे ही सावड आहे. पण एखादे हॉटेल पगारी झाडूवाल्याला काढून त्याच्या जागी दर महिन्याला नवा हौशी पाहुणा ठेवत असेल, तर त्या पाहुण्याच्या फुकट खोलीचे भाडे कोणीतरी गरीब माणूस आपल्या रोजीने भरत असतो. जे आपल्याला दिलेले नाही ते घेऊ नये हे अचौर्य व्रत येथेही लागू पडते. लोणावळा-खंडाळ्यात ज्या कुटुंबांचे बंगले वा विश्रामगृहे आहेत, त्यांनी यजमान म्हणूनही हा प्रश्न स्वतःला विचारावा. हौशी तरुण फुकटात मिळतात म्हणून मावळातील माणसाचा पगार बंद करणे हा नफा नव्हे.

तिसरी पाहणी आहाराची आणि अहिंसेची. केवळ ‘शाकाहारी’ म्हटल्याने भागत नाही. परक्या यजमानाला कांदा, लसूण, बटाटा, अंडे, सूर्यास्त हे सर्व वेगवेगळे लिहून कळवावे. लंडनमध्ये जूनमध्ये सूर्य रात्री नऊनंतर मावळतो, तेथे चौविहार सहज पाळता येईल. डिसेंबरात तो दुपारी चारच्या आधीच मावळतो, तेव्हा कामाच्या वेळाच बदलून घ्याव्या लागतील. शेतावरचे काम म्हणजे कोणते, हेही विचारावे. कोंबड्या, मधमाश्या, कीटकनाशकांची फवारणी, जमीनकंद उपटणे, स्वयंपाकघरात मांस शिजविणे यांपैकी काय वाट्याला येणार ते आधी कळले पाहिजे. स्वच्छ शब्दांत नकार दिला तर भले यजमान रागावत नाहीत. रागावलाच एखादा, तर तेथे गेलो नाही हेच बरे.

उरते ते व्यवहाराचे. किती तास, किती सुट्ट्या, स्वतंत्र खोली की सामाईक, दाराला कडी आहे का, हे सर्व लेखी घ्यावे. त्याच ठिकाणी पूर्वी राहिलेल्या दोघा-तिघांशी, विशेषतः मुलींनी मुलींशी, प्रत्यक्ष बोलावे. शारीरिक कामात दुखापत झाल्यास प्रवासविमा लागू होतो का ते पाहावे. परतीचे तिकीट आणि आठ दिवस स्वखर्चाने राहण्याइतके पैसे स्वतःजवळ असावेत. ज्याला केव्हाही निघून जाता येते त्याचीच सेवा स्वेच्छेची असते. ज्याच्याजवळ परतीचे भाडे नाही, तो वेठबिगार होण्यास वेळ लागत नाही.

घाटातील तालीम

ज्यांना हे सर्व एकदम जड वाटते, त्यांच्यासाठी मावळ ही चांगली तालीमशाळा आहे. पुणे-मुंबई रस्ता हा साधू-साध्वींच्या विहाराचाही मार्ग आहे. पहाटेच्या अंधारात घाटातून पायी निघालेल्या साध्वींच्या मागेपुढे चालणारे विहारसेवक तरुण अनेक गावांच्या संघांत आहेत. भरधाव वाहनांच्या रस्त्यावर त्यांचे चमकणारे पट्टे आणि हातातील दिवे हीच साध्वींची ढाल असते. आभ्यंतर तपांत गणलेले वैयावृत्त्य ते हेच. लोहगड-विसापूरच्या पायथ्याची खेडी, लावणीच्या दिवसांत माणसांची वाट पाहणारी खाचरे, पर्यटकांनी कचरा टाकलेल्या पायवाटा येथेही आठ दिवस देता येतील. मुलाला किंवा मुलीला आधी एक आठवडा मावळात दुसऱ्याच्या छपराखाली, दुसऱ्याच्या वेळापत्रकाने राहू द्यावे. परदेश सोसेल की नाही, हे त्या आठवड्यात घरच्यांना आणि त्यालाही कळेल.

जाताना पाल्याच्या लेण्यापर्यंत चढून यावे. पावसाळ्यात वाट निसरडी असते, म्हणून गावातील माहितगार सोबत घ्यावा आणि त्याच्या दिवसाची मजुरी रोख द्यावी. ते खाते मजुरीचे आहे. त्याच्या घरी चहा मिळाला तर आनंदाने घ्यावा आणि त्याचे पैसे पुढे करू नयेत. ते खाते वेगळे आहे.